पंचनाम्यातील चतुःसीमा : सोलापूर जिल्ह्यातील एका फासेपारधी वस्तीच्या जमिनीचे प्रकरण

सोलापूर जिल्ह्यातील एका गावाच्या गायरानात, गावठाणापासून बऱ्याच अंतरावर, ओढ्याच्या काठाने फासेपारध्यांची एक वस्ती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० खाली अतिक्रमण काढून टाकण्याची नोटीस तहसील कार्यालयाकडून आली, तेव्हा तेथे अकरा कुटुंबे राहत होती. त्यांतील आठ कुटुंबांनी पालांभोवतीची मुरमाड जमीन दगड वेचून कसण्याजोगी केली होती. तीत ती तूर आणि मटकी घेत आणि परतीचा पाऊस बरा झाला तर ज्वारीही पेरीत. उरलेली तीन कुटुंबे ऊसतोडीला जात आणि वर्षातील निम्मा काळ वस्तीबाहेर असत. नोटिशीला उत्तर देण्यापासून अपिलापर्यंतची कागदपत्रे तयार करण्यात प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता. वस्ती आणि माणसे ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील येथे बदलले आहेत. कायद्याचे मुद्दे ज्या क्रमाने उभे राहिले, त्याच क्रमाने दिले आहेत.

फासेपारधी ही जमात महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. आदिवासींच्या जमिनीचे रक्षण करणारे कायदेही आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. त्यामुळे नोटीस हाती आल्यावर या कायद्यांतील एखादा तरी उपयोगी पडेल, अशी वस्तीतील शिकलेल्या मुलांची समजूत होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात एकेक कायदा उघडून पाहिल्यावर तो कोणासाठी आहे हे दिसत गेले.

जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ यांनुसार आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय, आणि काही बाबतींत शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय, बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी राज्याने १९७४ मध्ये स्वतंत्र कायदे केले आणि लिंगप्पा पोचन्ना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तरतूद भक्कम आहे, पण ती खातेदारासाठी आहे. ज्याच्या नावे सात-बारा कधी निघालाच नाही, त्याची जमीन हस्तांतरित कशी होणार आणि परत तरी काय मिळणार? राज्यघटनेची पाचवी अनुसूची आणि तिच्या आधारे आलेला, ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतात. सोलापूर जिल्ह्यातील एकही गाव त्या क्षेत्रात नाही. नंदुरबारच्या भिल्लाला किंवा पालघरच्या वारल्याला ग्रामसभेच्या रूपाने जे हत्यार मिळाले, ते येथील पारध्याला मिळालेले नाही.

वन हक्क कायदा, २००६ हा तिसरा मार्ग. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरच्या मर्यादेत ती मिळते, दाव्याचा निर्णय होईपर्यंत त्याला हुसकावून लावता येत नाही आणि भटक्या समूहांचे दावे त्यांच्या उपस्थितीतच पडताळावेत अशी सूचनाही नियमांत आहे. परंतु वादातील गट ‘सरकारी गायरान’ म्हणून नोंदलेला होता, वन म्हणून नव्हे. या कायद्यातील आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. कलम ३ मध्ये परंपरेने चालत आलेले इतर हक्क मान्य करताना शिकार करण्याचा आणि फासे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर दुसरे काही शक्य नव्हते, आणि ज्या जिल्ह्यात माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजचे अभयारण्य झाले तेथे त्यामागचा हेतू कोणालाही समजण्यासारखा आहे. तरीही तितर-लाव्यांसाठी माळावर फासे लावणे हीच ज्या जमातीची जमिनीशी असलेली मूळ वहिवाट, तिच्या वाट्याला या कायद्यातून काय उरते, हा प्रश्न आहेच.

भारताने १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासी समूहांविषयीचा १०७ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्याच्या अकराव्या अनुच्छेदात अशा समूहांनी परंपरेने वापरलेल्या जमिनीवरील त्यांची मालकी मान्य करावी असे म्हटले आहे. २००७ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने संयुक्त राष्ट्रांत मतही दिले, मात्र देशातील सर्वच लोक येथील मूळचे आहेत ही भूमिका कायम ठेवून. हे दोन्ही दस्तऐवज आम्ही लेखी म्हणण्यात घातले. सुनावणीत त्यांच्याविषयी कोणी एक शब्दही विचारला नाही.

या वस्तीकडे जमीन का नव्हती, याचे उत्तर मात्र सोलापुरात शोधावे लागत नाही. ते शहराच्या नकाशावरच आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यात लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. जमातीतील जन्म हाच संशयाचा आधार मानून नावनोंदणी करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडू द्यायची नाही, अशी ती व्यवस्था होती. ज्यांना एका जागी कोंडायचे ठरले त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापूरची सेटलमेंट ही त्यांतील एक मोठी वसाहत; तेथील माणसे शहरातील कापड गिरण्यांत कामाला जात. १९५२ मध्ये कायदा देशभर रद्द झाला, वसाहत मोकळी झाली, आणि आज ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव शहरात पत्त्यावर लिहिले जाते. कुंपणाच्या आत असलेल्यांना, कितीही अपमान सोसून का होईना, पुढे एक पत्ता मिळाला. खेड्यापाड्यांत राहून पोलीस पाटलाकडे हजेरी देणाऱ्यांना तोही मिळाला नाही. एका गावात मुक्काम लांबला की गावकरी उठवत आणि दुसऱ्या गावात गेले की पोलीस धरत; अशा माणसाच्या नावाने कूळवहिवाटीची नोंद कोणता तलाठी करणार होता? कूळकायद्याने ज्यांना जमीन दिली, त्यांचे नाव आधी कोणाच्या तरी शेतात लागलेले होते.

त्यामुळे आदिवासींसाठी केलेले सर्व कायदे बाजूला ठेवून आम्हाला एका साध्या शासन निर्णयाकडे वळावे लागले. सरकारी पडीक आणि गायरान जमिनींवर भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण राज्याने १९७८ मध्ये आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ रोजी स्वीकारले. दुसऱ्या निर्णयात १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अतिक्रमणे येतात. अर्जदाराला तीन गोष्टी दाखवायच्या होत्या : तो मागासवर्गीय आहे, तो भूमिहीन आहे आणि त्या काळात ती जमीन त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या ताब्यात होती. दुसरी गोष्ट दाखवणे सर्वांत सोपे होते, कारण नमुना आठ-अ, म्हणजे नावावरील जमिनीचा उतारा, सर्वांचाच कोरा होता.

तिसऱ्या गोष्टीसाठी जो पुरावा सामान्यतः मागतात तो गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, किंवा तलाठ्याने केलेल्या दंडाच्या पावत्या. आपल्याकडे अतिक्रमणाचा दंड भरलेला माणूस त्यातल्या त्यात भाग्यवान म्हणायचा, कारण पुढे तीच पावती त्याच्या वहिवाटीची साक्ष देते. या वस्तीकडे एकही पावती नव्हती. गावातील दोन सधन कुटुंबांनी त्याच गायरानात बांध सरकवून केलेले अतिक्रमण नमुना एक-ई मध्ये व्यवस्थित नोंदलेले होते, पारध्यांचे नव्हते. पीक पाहणीसाठी तलाठी ओढ्यापलीकडे जात नसत, असे जुन्या कोतवालाने सांगितले, आणि ते पटण्यासारखे होते. वस्तीपर्यंत नियमाने जाणारा शासनाचा विभाग एकच होता, तो म्हणजे पोलीस.

हे लक्षात आल्यावर प्रकरणाची दिशा बदलली. वस्तीतील सर्वांत वयस्कर गृहस्थांकडे पत्र्याची एक पेटी होती. तीत जामिनाचे कागद, वकिलाने दिलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या आणि १९८६ मधील एका दोषारोपपत्राची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती. दरोड्याच्या तयारीत असल्याच्या आरोपाखाली त्यांच्यासह सहा जणांना तेव्हा पकडले होते. पुढे सर्व जण निर्दोष सुटले. दोषारोपपत्राला घरझडतीचा पंचनामा जोडलेला होता. जप्तीत कुऱ्हाड, दोन कोयते, बॅटरी आणि ‘अंदाजे दोन पोती तूर, शेंगांसह’ असा उल्लेख होता. जागेचे वर्णन करताना हवालदाराने पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाझर तलावाचा भराव, दक्षिणेस एका खातेदाराचा बांध आणि उत्तरेस गाडीवाट अशी चतुःसीमा लिहिली होती आणि ‘आरोपी कसत असलेल्या जमिनीलगत त्यांची पाले आहेत’ असे पुढे जोडले होते. खाली गावातील दोन पंचांच्या सह्या होत्या. तो पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांत झालेला असून आजही जागच्या जागी आहे. मोजणीच्या नकाशावर ही चतुःसीमा ठेवली, तर ती वादातील गटावर तंतोतंत बसत होती.

चोरीची म्हणून जप्त केलेली तूर या प्रकरणात पिकाचा पुरावा ठरली. महसूल खात्याने जे चाळीस वर्षे लिहिले नाही, ते पोलिसांनी एका झडतीत लिहून ठेवले होते.

तरीही तो कागद दाखल करायचा की नाही यावर वस्तीत बरेच दिवस एकमत झाले नाही. “हा कागद दिला तर साहेब आधी गुन्हा वाचतील, मग जमीन,” असे पेटीच्या मालकांचे म्हणणे होते. त्यांच्या नातवाला पोलीस भरतीची तयारी करायची होती, आणि आजोबांचे नाव पुन्हा कोणत्याही कार्यालयात आरोपी म्हणून वाचले जावे, हे त्याला नको होते. ही भीती निराधार नव्हती. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधील विमुक्त जमातींविषयीच्या तरतुदी रद्द केल्या आणि या समूहांतील व्यक्तींना मनमानीने अटक होऊ नये अशी ताकीद पोलिसांना दिली. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्यावर बहात्तर वर्षांनी अशी ताकीद द्यावी लागते, यातच सर्व काही आले. अखेर निर्दोष मुक्ततेच्या न्यायनिर्णयाची प्रमाणित प्रत वर लावायची आणि पंचनामा तिच्याखाली जोडायचा, अशी तडजोड झाली. न्यायनिर्णयातही पंचनाम्यातील जागेचे वर्णन उद्धृत झालेले असल्यामुळे ती कायद्याच्या दृष्टीनेही अधिक सोयीची ठरली.

मागासवर्गीय असल्याचा पुरावा हे दुसरे जंजाळ होते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आडनावे पवार, काळे, भोसले आणि शिंदे. म्हणजे नावावरून काहीच कळत नाही, आणि कारकुनाला हमखास शंका येते. एका भावाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पारधी’, दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘राजपारधी’ असे लिहिलेले होते. राजपारधी विमुक्त जातींच्या यादीत असल्यामुळे एकाच आईची दोन मुले कागदोपत्री दोन वेगळ्या प्रवर्गांत गेली होती. येथेही उपयोगी पडली ती गावच्या जुन्या दप्तरातील हजेरीची नोंदच. स्वातंत्र्यापूर्वीच्या त्या कागदावर पणजोबांचे नाव, वडिलांचे नाव आणि पुढे ‘फासेपारधी’ असे मोडीत लिहिलेले होते. त्या नोंदीमुळे वंशावळ जुळली. जमातीच्या चालीरीतींशी असलेल्या जवळिकीची चाचणी हा अंतिम निकष नव्हे, जुन्या दस्तऐवजांना अधिक वजन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्याचाही आधार मिळाला.

तहसीलदारांनी तरीही अर्ज फेटाळले. कारण एका परिच्छेदात आटोपले होते : जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, राज्याने १२ जुलै २०११ रोजी त्यानुसार शासन निर्णय काढला, सबब गायरानातील अतिक्रमण नियमित करता येत नाही. जगपालसिंगचा निकाल महाराष्ट्रात असाच, त्याचा शेवटचा भाग न वाचता, वापरला जातो. त्याच निकालात अपवाद सांगितला आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना शासनाच्या अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, अथवा त्या जागेवर शाळा किंवा दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करण्यास वाव आहे. मुळात तो निकाल गावच्या तळ्यात भराव टाकून घरे बांधणाऱ्या वजनदार मंडळींविरुद्ध होता.

संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले आणि स्थगिती मिळाली. सरकार पक्षाचा युक्तिवाद ऐकण्याजोगा होता, हे मान्य केले पाहिजे. अपवाद ‘पट्टा दिलेला असेल’ तर आहे. येथे पट्टा कधी दिलाच नव्हता. आमचे म्हणणे असे की १९९१ च्या निर्णयाने पात्र अतिक्रमणे शोधून नियमित करण्याचे काम महसूल यंत्रणेवर टाकले होते. ती यंत्रणा ओढ्यापलीकडे गेली नाही, याचा तोटा अर्जदाराने सोसावा हे न्याय्य नाही. २०११ पूर्वी जो हक्क पिकलेला होता, तो केवळ नोंदीच्या अभावी नंतर नाहीसा होत नाही. पंचनामा मूळ नसून प्रत आहे, हाही आक्षेप होता. महसुली चौकशीत पुराव्याचे नियम दिवाणी दाव्याइतक्या काटेकोरपणे लावले जात नाहीत, आणि प्रमाणित न्यायनिर्णय सोबत असल्याने तो आक्षेप टिकला नाही.

ग्रामपंचायतीने विरोधाचा ठराव दिला. त्यामागे वस्तीबद्दलचा आकस होता हे उघड होते. पण ठरावावर ज्यांनी अंगठे उठवले त्यांत मेंढपाळ धनगर कुटुंबेही होती. त्यांचा चराईचा माळ वर्षानुवर्षे आकसत गेला होता आणि गावात त्यांच्यासाठी बोलणारे दुसरे कोणी नव्हते. त्यांचे म्हणणे खोटे ठरवण्याची आम्हाला गरज वाटली नाही. गायरानाचा जो सर्वांत चांगला भाग गेला होता तो बांध सरकवणाऱ्या सधन खातेदारांकडे, आणि नमुना एक-ई मध्ये नोंद असूनही त्यांना कलम ५० ची नोटीस कधी गेली नव्हती. अपिलात ही नोंदवही सादर केल्यावर ग्रामपंचायतीचे वकील पुढच्या तारखेला आले नाहीत.

उपविभागीय अधिकाऱ्यांनी तहसीलदारांचा आदेश रद्द करून, १९९१ च्या निर्णयानुसार प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र चौकशी करावी, असे सांगून प्रकरण परत पाठवले. फेरचौकशीत पाच कुटुंबांच्या ताब्यातील जमीन नियमित करण्याचा प्रस्ताव मान्य झाला. ती त्यांना भोगवटादार वर्ग दोन म्हणून मिळाली आहे, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. त्याबद्दल वस्तीत कोणाची तक्रार नाही. ऊसतोडीच्या तीन कुटुंबांचा शेतीचा दावाच नव्हता. त्यांची पाले उठवण्याची कारवाई थांबली आहे, पण शबरी घरकुल योजनेचा लाभ घ्यायचा तर जागा नावावर लागते, आणि ती अद्याप नाही.

राहिलेले तीन दावे शेतीचे असूनही फेटाळले गेले, आणि तिन्ही दावे स्त्रियांचे आहेत. दोघी विधवा आहेत, एक नवऱ्याने टाकलेली आहे. त्यांनी कसलेले तुकडे त्याच चतुःसीमेच्या आत येतात, पाच मंजूर तुकड्यांना लागून आहेत, आणि दगड वेचण्याचे बहुतेक काम बायकांनीच केले हे मंजुरी मिळालेल्या पुरुषांनी आपल्या जबाबात सांगितले आहे. परंतु १९८६ च्या दोषारोपपत्रात आरोपी म्हणून त्यांची नावे नाहीत. दोघींचे नवरे त्या दिवशी सापडले नव्हते आणि तिसरीचे वडील आधीच्या वर्षी वारले होते. ज्या घरातील पुरुष पकडला गेला त्या घराला पुरावा मिळाला. ज्या घरातील पकडला गेला नाही ते पुराव्याविना राहिले. हजेरीच्या जुन्या नोंदीतही बायकांचा उल्लेख केवळ संख्येत आहे. या तिघींसाठी अपिलात आता घेतलेला मुद्दा असा की पंचनाम्यात ‘आरोपी कसत असलेल्या जमिनी’बरोबर ‘पाले’ असा अनेकवचनी उल्लेख असून चतुःसीमा वस्तीची आहे, व्यक्तीची नाही. म्हणून त्या सीमेतील प्रत्येक कुटुंबाला त्याचा लाभ मिळाला पाहिजे. त्यासोबत शेजाऱ्यांचे जबाब आणि जागेची मोजणी जोडली आहे. त्या वेळच्या दोन पंचांपैकी हयात असलेल्या एकाने, आपली सून ग्रामपंचायतीत सदस्य असतानाही, त्या काळी ओढ्याकाठी सात-आठ पाले होती असे प्रतिज्ञापत्र दिले आहे. हे अपील प्रलंबित आहे आणि तोवर तिन्ही तुकड्यांवरील पेरणीला हरकत घेऊ नये असा अंतरिम आदेश आहे.